मावशीची शेपटी

टोच्याला आजवर कुणी मामा बनवलं नव्हतं. संग्रहालयाच्या तळघरात बसून त्यानं डोक्यावरचे केस पिकवले, आणि तेवढ्या काळात वरच्या मजल्यावरच्या साहेबापासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना टोप्या घालून झाल्या. पण त्याच्या स्वतःच्या डोक्यावर टोपी चढवणारा मायेचा पूत अजून निघाला नव्हता. प्रत्येकाला कशाचा ना कशाचा अभिमान असतो. कुणाला पोराच्या मार्कांचा, कुणाला बायकोच्या हातच्या चवीचा. टोच्याला याचा होता.

टोच्या हे नाव पडायला कारणं दोन. एक, धंदा. खाणीतून निघालेले दगड त्याच्या टेबलावर यायचे आणि त्यात अडकून पडलेली जुनीपुराणी हाडं तो सुईनं टोचून टोचून मोकळी करायचा. डोळे मायक्रोस्कोपला टेकवायचे, सुईनं दगडाचा कण उचकटायचा, ब्रशनं बाजूला सारायचा, की पुढचा कण. असे महिने जायचे. दुसरं कारण म्हणजे जीभ. तीही सुईसारखीच चालायची, फक्त तिच्यामागून ब्रश फिरत नसे.

त्या जिभेच्या तडाख्यात सगळ्यात जास्त सापडायचा तो शेजारच्या खोलीतला साचेवाला. हा त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मोकळ्या झालेल्या हाडांचे रबरी साचे काढायचे आणि प्लास्टरच्या नकला ओतायच्या, हे त्याचं काम. हात बरा, पण धीर नाही. प्लास्टर पुरतं सुकायच्या आत साचा उघडायचा आणि मग तडे गेलेली नक्कल घेऊन 'भाऊजी, हवाच दमट आहे हो' म्हणत उभा राहायचा.

मागच्याच महिन्यात टोच्यानं त्याला मोठा दणका दिला होता. मेहुण्यानं कसल्याशा अजस्र प्राण्याच्या अंड्याची नक्कल ओतली होती. टोच्यानं तिच्या पोटात चावीचं खेळणं सरकवून दिलं. मेहुणा रंग द्यायला बसतो तर अंड्यातून टक, टक, टक. गडी ब्रश टाकून जो पळाला तो थेट बाईंच्या खोलीत. बाई म्हणजे जीवाश्म विभागाच्या प्रमुख, शिकलेल्या, करारी. त्यांचं हसू बघितलेला माणूस त्या इमारतीत नव्हता. त्यांच्यासमोर हा ओरडतोय, "बाई, अंडं उबलं! प्लास्टरचं आहे, पण उबलं!"

त्या दिवशी मेहुण्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "भाऊजी, याचं उट्टं काढलं नाही तर ताईचा भाऊ नाही मी."

"तसाही तू तिचा भाऊ वाटत नाहीस," टोच्या म्हणाला. "तिला डोकं आहे."

तेव्हापासून टोच्या सावध होता. खुर्चीत बसण्याआधी खुर्ची बघायचा, चहा पिण्याआधी चहा हुंगायचा. वरचे साहेब लोक मावशीला बघायला येणार आहेत असं ठरल्यावर तर त्याची झोपच सावध झाली. मेहुणा नेमका त्याच दिवसाच्या तोंडावर काहीतरी करणार, हे त्याला आतून ठाऊक होतं. चारचौघांत एकदा हसं झालं की एवढ्या वर्षांची कमाई पाण्यात.

आता मावशी कोण ते सांगायला हवं.

मावशी म्हणजे एक सरडीण. सरड्याच्या लांबच्या कुळातली, पण आज पृथ्वीच्या पाठीवर कुठंही नसलेली. खाणीतल्या फरशीच्या आकाराच्या दगडात ती पसरून झोपली होती. नाकापासून कमरेपर्यंत माणसाच्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. एकदा टेबलावर आली ती हलायचं नाव घेईना, म्हणून टोच्यानंच तिला मावशी नाव दिलं. चार दिवसांसाठी येते आणि घरातलीच होऊन बसते ती मावशी.

चेष्टा बाजूला. टोच्या बोलायचा नाही, पण मावशीनं त्याला पार बदलून टाकलं होतं. पहिल्यांदा नाकाचं टोक दिसलं, मग दात. तांदळाच्या कणीहून बारीक, एका रांगेत, आणि एकाचंही टोक बोथट नाही. तोंड जरासं उघडं, जणू काहीतरी बोलता बोलता राहून गेलं. मग डोळ्याची खाच आली. त्या खाचेत नखाच्या पापुद्र्याएवढ्या पातळ हाडांचं एक कडं होतं, बुबुळाभोवती बसवलेलं. ते मोकळं झालं तेव्हा टोच्यानं सुई खाली ठेवली आणि उगाचच हात धुवून आला. या डोळ्यानं कुणीही बघितलं नाही असं काहीतरी बघितलं होतं. माणूस नावाचा प्राणी जगात आला नव्हता. नावं ठेवायलाच कुणी नव्हतं, तर डोंगराला डोंगर आणि पाण्याला पाणी कोण म्हणणार? आणि तेव्हा ही बाई उन्हात बसून डोळे मिचकावत होती.

मग बोटं आली. एकेका बोटाची एवढीएवढीशी हाडं, आपापल्या जागी. टोच्या संध्याकाळी घरी जाऊन जेवताना आपलीच बोटं उघडमीट करून बघायचा. बायको म्हणायची, "काय झालं, मोजताय? सगळी आहेत. मिशा तेवढ्या आवरा, अर्धा चहा त्याच पितात." टोच्याच्या मिशा म्हणजे झुपका होता, रंगाच्या ब्रशासारखा. त्यावर बोललेलं त्याला खपत नसे.

दगड मात्र अखंड नव्हता. खाणीतच शेपटीपाशी तुकडा पडला होता आणि शेपटीचा भाग वेगळ्या पुडक्यात आला होता. तो मूळ दगडाला चिकटवायचं काम कुणाकडं? साचेवाल्याकडं. चार दिवस तो तुकडा मेहुण्याच्या खोलीत होता. चिकटवून परत आणला तेव्हा मेहुणा जरा जास्तच गोड हसला, असं टोच्याला नंतर आठवलं.

साहेब लोक यायच्या आदल्या दिवशी सकाळी टोच्या घरून निघाला, तर बायको दारापर्यंत आली. ती एरवी येत नसे.

"आज कामावर डोळे उघडे ठेवा हं," ती म्हणाली.

"का?"

"काही नाही. डोळ्यांचं काम ना तुमचं, म्हणून म्हटलं."

टोच्यानं रस्ताभर ते वाक्य चघळलं. ताई आणि भाऊ एक झाले की काय?

तळघरात सगळं नेहमीसारखं होतं. छताजवळच्या खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते. ट्यूबलाइटच्या पट्टीमागं बांडी होती. बांडी म्हणजे तळघरात मुक्कामाला असलेली पाल. शेपटी तिची बुटकी आणि रंगानं निराळी, कुणीतरी दुसऱ्याची आणून जोडल्यासारखी, म्हणून बांडी. टोच्यानं खुर्ची तपासली, खण तपासला, सुया तपासल्या. मायक्रोस्कोपला डोळे टेकवले. कडा जराशा चिकट लागल्या. उकाडा असेल म्हणाला, आणि कामाला लागला.

कमरेपासून निघालेले शेपटीचे मणके तो मण्यांसारखे एकेक करून मोकळे करत गेला. सांधा ओलांडून मेहुण्यानं चिकटवलेल्या तुकड्यात शिरला. आणि दुपारी जेवण झाल्यावर त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वरची बांडी गप्पच होती. ही आतली.

मणक्यांना चिरा होत्या. एकाला नाही, पुढच्या प्रत्येकाला. बरोबर मधोमध केसासारखी बारीक चीर. हाड असं तडकत नाही. हाड कुठंही, कसंही मोडतं. एकाच जागी, एकाच मापानं, ओळीनं तडे जातात ते कशात? साच्यातून घाईनं काढलेल्या प्लास्टरमध्ये.

टोच्या पुढं टोचत राहिला. आता सुई जरा जोरात चालली होती. पुढचा एक मणका अर्धाच निघाला. आणि तिथून पुढं मणकेच नाहीत. त्यांच्या जागी निमुळती होत गेलेली एक काळपट गुळगुळीत नळी. सांधा नाही, गाठ नाही, काही नाही. पेन्सिलीतलं शिसं ठेवावं तसं.

टोच्या मागं टेकून बसला आणि हळूहळू त्याच्या मिशांतून हसू फुटलं.

"असं आहे होय," तो मावशीला म्हणाला. "शेपटीत पेन्सिल!"

सगळं लख्ख दिसलं त्याला. चार दिवस तुकडा मेहुण्याकडं. दगडाची पूड आणि चिकटा कालवून खोटा दगड बनवायला तो शिकलेलाच होता. खालचे मणके प्लास्टरचे, त्यात पेन्सिल, वरून खोटा दगड. आणि उद्या साहेब लोकांसमोर टोच्या छाती फुगवून सांगणार की ही पाहा कोट्यवधी वर्षांपूर्वीची शेपटी. मग मेहुणा पुढं येऊन त्या शेपटीनं कागदावर आपली सही करणार! बेत झकास होता. मेहुण्याच्या डोक्यातून असलं काही निघेल असं टोच्याला वाटलं नव्हतं, आणि क्षणभर त्याला मेहुण्याचं कौतुकच वाटलं.

पण टोच्या म्हणजे टोच्या. त्यानं ठरवलं, आरडाओरडा नाही. पेन्सिल गुपचूप उखडायची आणि तिच्या जागी मेहुण्याचा कंगवा बसवायचा. सकाळी साहेब यायच्या आत मेहुण्याला एकट्याला बोलावून दाखवायचं आणि त्याचं तोंड बघायचं.

आधी त्यानं नळीवर ॲसिटोनचा थेंब सोडला. बायका नखांचं पॉलिश काढतात तेच ते. चिकटा असला तर सुटतो. सुटला नाही. 'पक्का चिकटा वापरलाय लेकानं,' टोच्या मनाशी म्हणाला. मग त्यानं भुंगा उचलला. भुंगा म्हणजे हवेवर चालणारी पेनाएवढी हातोडी. चालू केली की गुणगुणते आणि टोकाला दगडाचा भुगा करते. जाड दगडासाठी असते ती. हाडाजवळ तिला नेत नाहीत, इवल्याशा हाडाजवळ तर नाहीच नाही. पण हाड आहे कुठं? पेन्सिल तर आहे.

टोच्यानं डोळे टेकवले आणि भुंगा नळीच्या शेवटाशी लावला.

टिक.

एवढाच आवाज. शेपटीचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं तुटलं आणि नजरेसमोरून गेलं.

आणि टोच्याच्या तोंडातून, त्यानं ठरवण्याच्या आधीच, शब्द निघाला. "उडालं!"

या शब्दाचं तळघरात काय स्थान होतं ते सांगतो. हाडाचा कण उडाला की ज्याच्या हातून उडाला त्यानं हा शब्द ओरडायचा, आणि ऐकणाऱ्यानं असेल तिथं, असेल तसं थांबायचं. पाऊल टाकायचं नाही, कपडे झटकायचे नाहीत, वळायचं नाही. बघून पाय ठेवायचा, मग ब्रश, मग चाळणी. टोच्यानं आयुष्यभर सगळ्याची टिंगल केली, पण या शब्दाची कधी नाही. त्यामुळे झालं असं की, चहाचा ट्रे घेऊन त्याच क्षणी दारात आलेला मेहुणा एक पाय उंबऱ्याच्या आत हवेत धरून पुतळा झाला.

टोच्याचं डोकं मायक्रोस्कोपवरच होतं. आणि आता, थांबलेल्या हातांनी, थांबलेल्या श्वासानं, त्याला नळीचं तुटलेलं तोंड दिसलं. नळी पोकळ होती. पोकळीच्या भिंतीवर आतून स्फटिक उगवले होते. पाण्याच्या थेंबाहून लहान, काचेसारखे, चहूबाजूंनी मधोमध टोकं काढून, गुहेतल्यासारखे. दिव्याचा उजेड त्यांच्यात शिरून परत येत होता.

असले स्फटिक दगडाच्या पोटात किती हळू वाढतात ते टोच्याला माहीत होतं. आणि मेहुण्याला प्लास्टर सुकेपर्यंत धीर धरवत नाही, हेही माहीत होतं.



"भाऊजी," दारातून आवाज आला, "पाय खाली ठेवू का?"

"आधी बघ. मग ठेव."

"ठेवला. काय उडालं?"

टोच्यानं मान वर केली. मेहुण्यानं त्याचा चेहरा बघितला आणि त्याचे खांदे हलायला लागले. ट्रेमधले कप वाजायला लागले.

"हसतोस काय रे?"

"नाही हसत."

"दात दिसतायत!"

"माझे तसेच आहेत, भाऊजी. ताईला विचारा." त्यानं ओठ दातांत धरला.

तेवढ्यात बोळातून चपलांचा आवाज आला आणि थबकला. बाईंनी शब्द ऐकला होता. बाई असल्या म्हणून काय झालं, त्यासुद्धा भिंतीपलीकडं जिथल्या तिथं उभ्या राहिल्या.

"काय उडालं?" बाईंचा आवाज.

"शेपटीचं टोक," टोच्या म्हणाला.

"सुईनं?"

टोच्यानं भुंगा बाजूला ठेवला.

"मी विचारतेय, सुईनं का?"

"भुंग्यानं."

"शेपटीवर," बाई एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "तुम्ही, भुंगा चालवलात?"

"मला वाटलं, यानं त्यात पेन्सिल बसवलीय."

"मी?" मेहुणा ओरडला. "माझी शपथ, ताईची शपथ! मी फक्त तुकडा चिकटवला. मावशीच्या अंगाला मी कशाला हात लावीन? माझी काय टाप आहे?"

"मग चार दिवस काय करत होतास?"

"सुकू देत होतो! तुम्हीच म्हणता ना, धीर धर!"

"बाई," टोच्या भिंतीकडं बघून म्हणाला, "चूक माझी. सगळ्या मणक्यांना मधोमध चिरा दिसल्या. फुटक्या साच्यासारख्या. पुढं एक मणका अर्धा, आणि मग हाडच नाही, नुसती नळी. कुणालाही वाटेल की..."

"थांबा." बाईंचा आवाज बदलला होता. "चिरा सगळ्यांना? मधोमध?"

"हो."

"आणि नळी त्या अर्ध्या मणक्यातून निघालीय?"

"हो."

कापड भिंतीला घासल्याचा आवाज आला.

"बाई? काय झालं?"

"काही नाही. खाली बसलेय. बघून बसलेय." आणि मग, अगदी हळू, "ते टोक शोधा. काही करा. ते टोक शोधा."

शोध सुरू झाला. मेहुण्यानं ट्रे जिथल्या तिथं ठेवला आणि गुडघ्यांवर बसून फरशी ब्रशनं इंच इंच झाडत आत आला. टोच्या टेबल झाडत होता, दगडाचा भुगा चाळत होता, स्वतःच्या बाह्या उलट्या करून बघत होता. टेबलावर मावशी तोंड उघडं ठेवून पडली होती. एवढा काळ तिला कुणी काही केलं नव्हतं. तिच्यावर समुद्र आले, गेले, डोंगर बसले, उठले. एक दाणासुद्धा हलला नाही. आणि टोच्याच्या टेबलावर आली, तर एका दुपारी शेपटी तुटली. टोपीची भीती घालवायला निघालेला माणूस हे करून बसला होता. उद्या साहेब लोक हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

चाळणीत काही नव्हतं. फरशीवर काही नव्हतं. खिडकीतला उजेड पिवळा पडायला लागला.

मेहुणा झाडत झाडत टोच्याच्या खुर्चीपर्यंत आला आणि त्यानं वर बघितलं. पुन्हा त्याचे गाल फुगले, ओठ आवळले. आणि अचानक सगळं हसू पुसल्यासारखं गेलं.

"भाऊजी," तो कुजबुजला. "हलू नका."

"काय?"

"बोलू पण नका. तुमच्या मिशीत आहे."

टोच्या दगड झाला. मेहुणा इंचाइंचानं उठला. मिशीच्या झुपक्यात, नाकपुडीच्या जराशी खाली, दोन केसांच्या मध्ये, काळपट दाणा अडकला होता. एवढ्या वर्षांची दगडाची धूळ त्या मिशीत, आणि त्यातच नेमकी आता टोच्याच्या नाकात गुदगुली झाली. एक शिंक आली असती तर मावशीचं टोक बोळात बाईंच्या पदरात नाहीतर कायमचं कुठल्यातरी फटीत गेलं असतं. टोच्याचे डोळे पाण्यानं भरले. त्यानं श्वास ओढणं बंद केलं.

मेहुण्यानं ब्रश पाण्यात बुडवला, टोक पिळून केसाएवढं केलं. पुढं आला. आता त्या दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर नव्हतं. मेहुण्यानं स्वतःचाही श्वास धरला होता. प्लास्टर सुकायच्या आधी साचा उघडणारा तो हात एवढा सावकाश येत होता की तो येतोय हे कळतच नव्हतं. ब्रश टेकला. दाणा ओल्या केसांना चिकटला. ब्रश मागं गेला, काचेच्या बशीवर उतरला.

"आला," मेहुणा म्हणाला.

टोच्यानं मान फिरवली आणि अशी शिंक दिली की ट्यूबलाइटमागची बांडी भिंतभर पळाली.

मग बाई आत आल्या. टोच्याच्या तोंडाकडं बघून त्या क्षणभर थबकल्या, काही विचारणार असं वाटलं, पण नजर मावशीकडं वळली आणि मग त्यांना बाकीचं जग उरलंच नाही. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळे टेकवले. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या. बोलल्या तेव्हा त्यांनी डोकं वर केलं नाही.

"पाल कशी शेपटी टाकते, बघितलंय ना? शत्रूनं धरली की ती आपणच तोडते. तुटायची जागा जन्मापासून तयार असते, प्रत्येक मणक्यात. कागद फाडायला घडी घालून ठेवावी तशी. त्या तुमच्या चिरा. एका चिरेवर हिची शेपटी तुटली. अर्धा मणका तिकडं गेला, अर्धा हिच्याकडं राहिला. नवी शेपटी फुटते, पण तिच्यात मणके नसतात. नळी असते." त्या थांबल्या. "हिला कुणीतरी धरलं होतं. आणि ही निसटली. पुढं एवढी शेपटी वाढेपर्यंत जगलीसुद्धा."

तिघांनी एकदमच वर बघितलं. बांडी भिंतीवर थांबली होती, बुटक्या शेपटीची, आणि त्यांच्याकडं बघत होती.

टोच्याला ती सकाळ दिसली. कुठलीतरी सकाळ, जिला तारीख नव्हती. झडप पडते, जबड्यात शेपटी सापडते, शेपटी वळवळ वळवळ करते, आणि तो जो कोण मोठा धटिंगण, खूश होऊन त्या वळवळीकडं बघत राहतो. आणि मावशी झुडपाआड! त्या धटिंगणाची जात गेली, झुडपाची जात गेली, तिथला समुद्र गेला. पण त्याला मामा बनवल्याची खूण इथं टेबलावर आहे, दगडात कोरून ठेवल्यासारखी, आत काचेचे स्फटिक घेऊन. टोच्याला वाटलं, आपण आयुष्यभर काय खेळण्याच्या चाव्या फिरवत बसलो.

"बाई," तो म्हणाला, "टोक जोडता येईल?"

"येईल. पण जोड लपवायचा नाही. दिसू दे." बाईंनी डोकं वर केलं. "हिची शेपटी दोनदा तुटली. दुसऱ्यांदा कुणी तोडली, तेही लोकांना कळू दे."

आणि टोच्यानं बाईंचा चेहरा बघितला. करारी चेहरा, चष्मा हातात, आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळीभोर गोल कडी.

त्यानं मेहुण्याकडं बघितलं. मेहुण्याचा रंग उडाला होता. टोच्याचा हात आपोआप स्वतःच्या डोळ्यापाशी गेला. बोटं काळी झाली. काजळ! चिकट कडा, दारापर्यंत आलेली बायको, 'डोळे उघडे ठेवा'. सकाळपासून तो घुबडाच्या तोंडानं बसला होता, आणि ज्या शेपटीला मेहुण्यानं हातसुद्धा लावला नव्हता तिच्यावर भुंगा चालवत होता.

"ताईनंच डबी दिली," मेहुणा ओठांतल्या ओठांत म्हणाला.

टोच्यानं त्याच्याकडं डोळे वटारले, पण बाईंना काही सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही. बाई तर बाजूला सरकून मेहुण्याला म्हणाल्या, "तुम्ही नाही का बघणार? या. टोक तुम्हीच काढलंत."

मेहुणा पुढं आला. चोरासारखा आला, पण वाकला आणि मग विसरला. काजळ विसरला, ताई विसरला, उट्टं विसरला. अर्धा मणका, त्यातून निघालेली नळी, नळीच्या तोंडाशी चमकणारे ते कण. त्याचा चेहरा मायक्रोस्कोपमध्ये घुसेल की काय इतका तो वाकला.

"भाऊजी," तो आतूनच म्हणाला, "हे खरंच मी नाही केलं."

"माहीत आहे."

"मला जमलंच नसतं."

"कुणालाच जमलं नसतं, बाबा."

त्यानं मान वर केली. दोन डोळे, दोन कडी. बाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग टोच्याकडं, मग सावकाश स्वतःचं बोट स्वतःच्या गालावरून फिरवलं आणि ते काळं बोट उजेडात धरलं. आणि त्या इमारतीत कुणी कधी ऐकला नव्हता तो आवाज आला. बाई हसत होत्या. भिंतीला टेकून, डोळ्यांतलं पाणी पुसत, पुसता पुसता सगळं तोंड काळं करत.

मेहुण्याला आता कुठं उमगलं. "भाऊजी! म्हणजे मी तुम्हाला मामा बनवलं! आजवर कुणाला जमलं नाही ते!"

"तू?" टोच्या म्हणाला. "रांगेत उभा राहा. आधी मावशीचा नंबर आहे."

मेहुण्यानं रुमाल पुढं केला. टोच्यानं तो घेतला, खुर्चीवर टाकला, आणि मायक्रोस्कोपच्या काजळानं माखलेल्या त्या कडांवर आपणहून पुन्हा डोळे टेकवले.